एकच क्लिप, दोन मॅच : घरातल्या भांडणातून रिसर्चचा प्रश्न कसा काढायचा



पीएचडीच्या तयारीत असलेल्या मुलामुलींचा मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा असतो : "ताई, विषय ठरलाय, पण सिनॉप्सिस पुढे सरकत नाही." मी विचारते, विषय काय? उत्तर येतं, "क्रिकेट आणि समाज" किंवा "खेळातली नैतिकता." आता हे विषय आहेत, प्रश्न नाहीत. विषयावर निबंध लिहिता येतो. रिसर्च करायला प्रश्न लागतो, आणि तोही असा, की त्याचं उत्तर आपल्या मनाविरुद्ध येऊ शकेल.

आज मी हे एका भांडणातून समजावणार आहे. भांडण आमच्या घरातलं आहे. त्यात मी स्वतः एक चूक केली आणि महिनाभराच्या नोंदी पुन्हा करायला लागल्या. तुमचा तरी तो महिना वाचावा, म्हणून ही पोस्ट.

१८ मे २०२४, रत्नागिरी

मे महिना म्हणजे आमच्याकडे घर भरलेलं. मुंबईचे चाकरमानी आलेले, पडवीत आंब्याची आढी, आणि रात्री जेवणं उरकून सगळे टीव्हीसमोर. त्या रात्री बंगळुरू विरुद्ध चेन्नई होती, आयपीएलच्या साखळीतली दोघांचीही शेवटची मॅच. बंगळुरूने पहिल्या आठ मॅचमध्ये एकच जिंकली होती, नंतर लागोपाठ पाच जिंकून ते शर्यतीत परत आले होते. प्लेऑफची एकच जागा शिल्लक होती आणि ती या दोघांतल्या एकाला मिळणार होती.

बंगळुरूने २१८ केल्या. म्हणजे चेन्नईला जिंकायला २१९ हव्या होत्या. पण नेट रन रेटचं गणित असं होतं, की चेन्नई २०१ पर्यंत पोचली असती तर हरूनही ती पुढे गेली असती. म्हणजे एका मैदानावर एकाच वेळी दोन मॅच चालू होत्या. शेवटच्या ओव्हरला जिंकायला ३५ हव्या होत्या, पण प्लेऑफला १७. पहिल्या चेंडूवर धोनीने सिक्स मारला, दुसऱ्यावर तो आऊट झाला. चेन्नई १९१ वर थांबली. दोघांचे गुण १४, पण नेट रन रेट बंगळुरूचा ०.४५९ आणि चेन्नईचा ०.३९२. बंगळुरू पुढे गेलं.

खरी मॅच त्यानंतर आमच्या पडवीत सुरू झाली. बंगळुरूचे खेळाडू मैदानभर नाचत होते, आणि हस्तांदोलनाच्या रांगा जुळायच्या आधीच धोनी आत गेला. माझा आत्येभाऊ म्हणाला, "बघ, हरल्यावर हात मिळवायचीसुद्धा दानत नाही." मोठा दादा उसळला, "हे माकडांसारखे नाचतायत, समोर माणूस उभा आहे ते दिसत नाही होय रे यांना?" काका म्हणाले, "आमच्या वेळी असं नव्हतं." आजीने विचारलं, "जिंकलं कोण पण?"

सगळ्यांनी तीच क्लिप पाहिली होती. चार वेळा पाहिली. दर वेळी प्रत्येकाचं मत आणखी पक्कं होत गेलं.

माझ्या पीएचडीचा विषय प्रेक्षक मैदानावरच्या वागणुकीचा न्याय कसा करतात हा असल्याने मी लगेच वही काढली. एक ओळ लिहिली : "सामना संपल्यावर धोनीने हस्तांदोलन टाळलं." पुढच्या आठवड्यात ती वही गाइड मॅडमना दाखवली. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "टाळलं, हे तुला दिसलं, का तुझ्या आत्येभावाला दिसलं?"

मी गप्प. दिसलं होतं ते एवढंच : धोनी आत गेला. "टाळलं" या शब्दात हेतू आहे, आणि हेतू कॅमेऱ्यात येत नाही. तो शब्द मी घातला होता. का घातला? कारण मी कोहलीची फॅन आहे. मॅडमनी वही परत दिली आणि म्हणाल्या, "आधीच्या नोंदीपण बघून घे." बघितल्या. महिनाभर गावोगावच्या टेनिस बॉलच्या टूर्नामेंटमध्ये बसून केलेल्या नोंदींमध्ये "टाळलं", "मुद्दाम", "चीटिंग", "माज" असे शब्द जिकडेतिकडे. ते प्रेक्षकांचे होते का माझे, हे मलाच सांगता येईना. अशा नोंदी डेटा म्हणून वापरता येत नाहीत.

एका वादात तीन प्रश्न असतात

फॅन भांडतात तेव्हा तीन वेगळे प्रश्न एकाच वाक्यात कोंबलेले असतात. ते सुटे करणं ही पहिली पायरी.

पहिला प्रश्न : नियम काय सांगतो? याचं उत्तर पुस्तकात मिळतं.
दुसरा प्रश्न : लोक काय योग्य मानतात? याचं उत्तर लोकांना विचारून, त्यांचं बोलणं ऐकून मिळतं.
तिसरा प्रश्न : काय योग्य असायला हवं? याचं उत्तर कुठल्याही सर्व्हेतून मिळत नाही. तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, त्याला युक्तिवाद लागतो.

नॉन-स्ट्रायकरला धावबाद करण्याचं उदाहरण घेऊ. १९४७ च्या डिसेंबरमध्ये सिडनी कसोटीत विनू मंकडने बिल ब्राउनला असं बाद केलं. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात मंकडने त्याला ताकीदही दिली होती. ब्रॅडमनने पुढे मंकडची बाजू घेतली. तरी या प्रकाराला नाव पडलं ते मंकडचं, क्रीझ सोडून पळणाऱ्या ब्राउनचं नाही. सुनील गावसकर यांनी या शब्दावर जाहीर आक्षेप घेतलेला आहे, आणि संशोधक म्हणून तो आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रश्नावलीत तुम्ही "मंकडिंग योग्य आहे का?" असं विचारलंत, तर अर्धं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. "चेंडू सुटायच्या आधी क्रीझ सोडलेल्या फलंदाजाला गोलंदाजाने धावबाद केलं" असं लिहिलंत, तर माणसाला विचार करायला जागा राहते.

आता २४ सप्टेंबर २०२२. लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने शार्लट डीनला असंच धावबाद केलं. झूलन गोस्वामीची ती शेवटची आंतरराष्ट्रीय मॅच. भारत १६ धावांनी जिंकला, मालिका ३-०. इंग्लंडमध्ये आणि भारतात बरेच दिवस वाद चालला. गंमत म्हणजे, बरोबर एका आठवड्याने, १ ऑक्टोबरपासून, एमसीसीच्या नियमावलीत हा प्रकार "अयोग्य खेळ" या ४१ व्या कलमातून उचलून "धावबाद" या ३८ व्या कलमात ठेवला गेला. असं बाद करता येणं आधीही नियमात होतं, नंतरही आहे. बदललं फक्त त्याचं घर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच राहिलं. पण त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदललं का? लोकांची चीड कमी झाली का? हा झाला रिसर्चचा प्रश्न. त्याला "आधी" आहे, "नंतर" आहे, आणि उत्तर "नाही" असंही येऊ शकतं.

प्रिन्स्टन आणि डार्टमथ : आमच्या पडवीचा जुना अवतार

आमच्या घरात जे झालं ते अमेरिकेत कुणीतरी आधीच मोजून ठेवलंय. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांची अमेरिकन फुटबॉलची मॅच झाली. दोन्ही संघांची ती हंगामातली शेवटची मॅच, आणि प्रिन्स्टन तोवर अपराजित. मॅच दांडगाईची झाली. प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक मोडलं, पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टन जिंकलं, आणि दोन्हीकडच्या विद्यार्थी वर्तमानपत्रांत भांडण पेटलं.

अल्बर्ट हॅस्टॉर्फ डार्टमथचे, हॅडली कँट्रिल प्रिन्स्टनचे. दोघे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी "चूक कोणाची" हे ठरवायचा प्रयत्नच केला नाही. त्यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना मॅचची तीच फिल्म दाखवली आणि सांगितलं, नियमभंग दिसेल तिथे नोंद करा. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना त्याच संघाचे दिसले. फिल्म तीच होती. हा अभ्यास १९५४ साली छापून आला आणि आजही शिकवला जातो.

यातलं शिकण्यासारखं बघा. एक, प्रश्न बदलला : "कोण चुकलं?" ऐवजी "कोणाला किती चुका दिसतात?" दोन, मोजता येईल असं काम दिलं : नुसतं मत विचारून थांबले नाहीत, नोंदी करायला सांगितल्या. तीन, दोघे लेखक दोन बाजूंचे होते, त्यामुळे एकाच बाजूला झुकल्याचा आरोप करणं अवघड झालं.

माझ्या वहीत हे तिसरं नव्हतं. मी एकटीच होते, आणि कोहलीची फॅन.

पॉइंट टेबल माणसाला काय करायला लावतं

आता वादाची दुसरी बाजू : शर्यत. हंगामाच्या शेवटी टेबल तापतं तेव्हा खेळाडू वेगळे वागतात का? आपल्याला वाटतं, वागतात. उदाहरणंही भरपूर मिळतात.

मे १९७९, इंग्लंडमधली बेन्सन अँड हेजेस कप स्पर्धा. सॉमरसेटचा कर्णधार ब्रायन रोझ याने वूस्टरशरविरुद्ध एका ओव्हरनंतर, बिनबाद १ वर, डाव घोषित केला. वूस्टरशरने १० चेंडूंत मॅच संपवली. सॉमरसेट मुद्दाम हरलं, कारण गटात बरोबरी झाली असती तर निकाल गोलंदाजांच्या स्ट्राइक रेटवर लागणार होता, आणि तो त्यांना बिघडू द्यायचा नव्हता. नियमात हे पूर्ण बसत होतं. तरी सॉमरसेटला स्पर्धेतून काढून टाकलं गेलं, आणि पुढे मर्यादित षटकांच्या सामन्यात डाव घोषित करायलाच बंदी आली.

३० मे १९९९, वर्ल्ड कप, ओल्ड ट्रॅफर्ड. वेस्ट इंडीज ११० ला ऑलआऊट. ऑस्ट्रेलियाने त्या १११ धावा करायला ४०.४ ओव्हर घेतल्या. कारण त्यांना न्यूझीलंडपेक्षा वेस्ट इंडीज पुढे यायला हवं होतं. पुढच्या फेरीत आपल्याबरोबर येणाऱ्या संघांविरुद्धचेच गुण सोबत न्यायचे होते, आणि न्यूझीलंडकडून ते हरले होते. शेवटी न्यूझीलंडने स्कॉटलंडला झटपट हरवलं आणि सगळा खटाटोप फुकट गेला.

६ नोव्हेंबर २०२३, दिल्ली. हेल्मेटचा पट्टा तुटला म्हणून अँजेलो मॅथ्यूजला पहिला चेंडू खेळायला उशीर झाला, शाकिब अल हसनने अपील केलं, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये "टाइम्ड आऊट" होणारा मॅथ्यूज पहिला फलंदाज ठरला. बांगलादेशसाठी सेमीफायनलचं दार तोपर्यंत बंद झालं होतं, श्रीलंकेसाठी ते जवळपास बंद झालं होतं. पण २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीसाठी पहिल्या आठात यायचं होतं. बांगलादेश जिंकलं, शेवटी आठवं आलं. श्रीलंका नववी.

आणि आपली कबड्डी. प्रो कबड्डीत बरीच वर्षं असा नियम होता, की ७ किंवा कमी गुणांनी हरलात तरी टेबलात १ गुण मिळतो. शेवटच्या दोन मिनिटांत आठाने मागे असलेला संघ काय करेल? जिंकायला नाही, सातावर यायला खेळेल. सहाने मागे असलेला संघ धोका न पत्करता रिकामी चढाई करून परत येईल. बघणारा म्हणतो, "अरे खेळा की, घाबरता काय!" पण ते घाबरलेले नसतात. ते टेबल वाचत असतात.

हे सगळं वाचून तुम्ही लगेच गृहीतक लिहाल : "पात्रतेची शर्यत तीव्र झाली की खेळाडूंची सभ्यता कमी होते." आणि विरुद्ध टोकाचं उदाहरण म्हणून वानखेडेची ज्युबिली टेस्ट द्याल. फेब्रुवारी १९८०. बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवाची एकच कसोटी, मालिका नाही, टेबल नाही. इंग्लंड ५ बाद ५८ वर असताना बॉब टेलर फलंदाजीला आला. थोड्या वेळाने पंचांनी त्याला यष्टीमागे झेलबाद दिलं. कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथला वाटलं बॅट लागलेली नाही, आणि त्याने टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागीदारी केली. बोथमने शतक ठोकलं, मॅचमध्ये १३ विकेट काढल्या, आणि भारत १० विकेटने हरला.

बघा, टेबल नव्हतं तिथे दिलदारी, टेबल होतं तिथे अपील. सिद्ध झालं ना?

नाही झालं.

दोन उदाहरणं म्हणजे तुलना नव्हे

वानखेडे १९८० आणि दिल्ली २०२३ यांत फक्त टेबलाचा फरक आहे का? मध्ये त्रेचाळीस वर्षं गेली. एक कसोटी, एक वनडे. कर्णधार वेगळे, स्वभाव वेगळे. एका ठिकाणी पंच चुकले असं कर्णधाराला वाटलं, दुसऱ्या ठिकाणी पंचांनी नियम बरोबर लावला. यातल्या कुठल्याही कारणाने वागणूक वेगळी असू शकते. शिवाय ही दोन उदाहरणं मी निवडली, कारण ती माझ्या गृहीतकाला जुळतात. दीप्तीने डीनला बाद केलं तेव्हा मालिका आधीच २-० ने खिशात होती. २०१९ मध्ये जयपूरला अश्विनने बटलरला असंच बाद केलं, ते २५ मार्चला, हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात. तेव्हा कुठलं टेबल तापलं होतं? ही दोन उदाहरणं मी आधी का नाही सांगितली? कारण ती आड येत होती. व्हायव्हामध्ये परीक्षक बरोबर हेच विचारतात : "जुळत नाहीत ती उदाहरणं कुठे आहेत?"

आणखी एक खड्डा आहे. हंगामाचा शेवट म्हणजे फक्त शर्यत नसते. खेळाडू थकलेले असतात, दुखापती असतात, आणि आपल्याकडे मे महिन्याचा उकाडा असतो. उकाड्याची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. १९९१ मध्ये रीफमन, लॅरिक आणि फाइन या तिघांनी अमेरिकेतल्या बेसबॉलचा एक अभ्यास छापला. १९८६ ते १९८८ या हंगामांतल्या ८२६ मॅच घेतल्या आणि बघितलं, की तापमान वाढतं तसे गोलंदाजाचा चेंडू लागून जखडणारे फलंदाजही वाढतात. बेसबॉलमध्ये चेंडू अंगावर मारणं हा आपल्याकडच्या बाउन्सरसारखाच वादाचा विषय. आता तुम्ही मेमध्ये जास्त भांडणं मोजलीत, तर ती टेबलामुळे की उन्हामुळे? दोन्ही कारणं एकाच महिन्यात येत असतील तर नुसत्या मोजणीने ती वेगळी होत नाहीत. याला म्हणतात गोंधळात टाकणारा चल, कन्फाउंडर.

मग तुलना कशी करायची? सुमोवाल्यांकडून शिका

मला आजवर आवडलेला सगळ्यात हुशार आराखडा जपानच्या सुमो कुस्तीवरचा आहे. मार्क डुगन आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी तो २००२ मध्ये छापला. मोठ्या सुमो स्पर्धेत वरच्या श्रेणीतला पैलवान १५ कुस्त्या खेळतो. ८ जिंकल्या की बढती, ७ वर राहिला की घसरण. म्हणजे आठवा विजय हा इतर कुठल्याही विजयापेक्षा कितीतरी मोलाचा.

समजा, शेवटच्या दिवशी एक पैलवान ७-७ वर आहे आणि समोरचा ८-६ वर. पहिल्याचं सगळं पणाला लागलंय, दुसऱ्याचं काम झालंय. आधीच्या कुस्त्यांवरून अंदाज काढला तर ७-७ वाल्याने निम्म्याहून किंचित कमी वेळा जिंकायला हवं. प्रत्यक्षात तो ८० टक्क्यांच्या आसपास जिंकला होता. आकडे १९८९ ते २००० मधल्या ३२ हजारांहून जास्त कुस्त्यांचे.

इथे कुणीही म्हणेल, "पणाला लागलं की माणूस जीव तोडून लढतो, यात काय काळंबेरं?" लेखकांनी हीच शंका स्वतः घेतली. मग त्यांनी तेच दोन पैलवान पुढच्या वेळी भेटले तेव्हा काय झालं ते पाहिलं. जीव तोडून लढणं हेच कारण असतं, तर पुढच्या भेटीत निकाल नेहमीसारखा लागायला हवा. तसं झालं नाही. मागच्या वेळी जिंकलेला या वेळी अंदाजापेक्षा कमी, म्हणजे ४० टक्क्यांच्या आसपास जिंकला. उधार फेडल्यासारखं. २०११ मध्ये पैलवानांच्या मोबाइलवर कुस्त्या ठरवल्याचे मेसेज सापडले आणि मार्चची स्पर्धाच रद्द झाली. म्हणजे आकडे नऊ वर्षं आधी बोलले होते.

आराखड्याचा सांगाडा असा :
१. तोच माणूस, तोच प्रतिस्पर्धी, फक्त पणाला लागलेली गोष्ट वेगळी.
२. "नेहमी काय झालं असतं" याचा अंदाज आधी काढलेला.
३. दुसरं संभाव्य स्पष्टीकरण स्वतःच मांडून त्याची परीक्षा घेतलेली.

हा सांगाडा क्रिकेटला लावा. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात सगळे संघ सारख्या उकाड्यात आणि सारखेच थकलेले असतात. पण काही शर्यतीत असतात, काही बाहेर पडलेले असतात, काही आधीच पात्र झालेले असतात. आता महिन्यांची तुलना करायची गरज नाही. एकाच आठवड्यातल्या या तीन गटांची तुलना करा, आणि प्रत्येक संघाची त्याच्या स्वतःच्या आधीच्या वागण्याशीही. ऊन आणि थकवा बऱ्यापैकी बाजूला झाले.

रत्नागिरीत बसून काय करता येईल

"ताई, आमच्याकडे ३२ हजार कुस्त्या कुठल्या?" बरोबर. पण आपल्याकडे दुसरं काहीतरी आहे : तालुक्यातालुक्यात कबड्डीची मंडळं, टेनिस बॉलच्या नाइट टूर्नामेंट, आणि त्या बघायला येणारी, प्रत्येक निर्णयावर मत असलेली माणसं. खेळाडूंचा नाही, तर प्रेक्षकांचा अभ्यास आपल्याला सहज जमतो. माझा सुधारलेला आराखडा साधारण असा आहे.

एक छोटा प्रसंग लिहायचा, सात-आठ ओळींचा. नॉन-स्ट्रायकरने क्रीझ सोडली, गोलंदाजाने बेल उडवली. या प्रसंगाच्या चार आवृत्त्या करायच्या. दोनमध्ये गोलंदाज वाचणाऱ्याच्या गावच्या संघाचा, दोनमध्ये समोरच्या संघाचा. या प्रत्येक जोडीत एकदा मॅच साधी, एकदा तिच्यावर सेमीफायनल अवलंबून. प्रत्येकाला चारांतली एकच आवृत्ती द्यायची, आणि ती चिठ्ठी टाकून ठरवायची, आपल्या मनाने नाही. मग विचारायचं : हे वागणं किती योग्य वाटतं, १ ते ७ मध्ये सांगा.

चार आवृत्त्या का? कारण मला तीन गोष्टी वेगळ्या बघायच्या आहेत. आपला-परका याने मत बदलतं का? शर्यतीने बदलतं का? आणि सर्वांत महत्त्वाचं, शर्यत असली की आपला-परका हा फरक वाढतो का? या तिसऱ्याला इंटरॅक्शन म्हणतात. आमच्या पडवीतल्या भांडणाचं मर्म तेच होतं. साध्या मॅचमध्ये धोनी आत गेला असता तर दादा आणि आत्येभाऊ इतके भांडले असते का? मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच तो प्रश्न आहे.

प्रसंगाचा शेवट सांगू नका. मॅच कोण जिंकलं हे कळलं की मत निकालाकडे झुकतं. बॅरन आणि हर्शी यांनी १९८८ मध्ये दाखवलंय, की निर्णय तोच असला तरी परिणाम वाईट सांगितला की लोक निर्णयालाच नावं ठेवतात. विश्वनाथचा दिलदारपणा आपण भारत जिंकला असता तर जसा आठवला असता, तसाच आज आठवतो का, यावर विचार करून बघा.

आणि मैदानावर बसून नोंदी करायच्या असतील तर दोघांनी करा, वेगवेगळ्या बसून, एकमेकांची वही न बघता. वहीत दोन रकाने : डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे जे ऐकलं ते, अवतरणचिन्हात. तिसरा रकाना, "मला काय वाटलं", शेवटच्या पानावर. मग दोघांच्या नोंदी किती जुळतात ते काढा, पण नुसती टक्केवारी देऊन थांबू नका. समजा १०० प्रसंग आहेत आणि दोघांनीही प्रत्येकी २० प्रसंगांना "खटकणारं" म्हटलंय. तुमचे ८० प्रसंग जुळले. भारी वाटतं. पण दोघांनी डोळे मिटून शिक्के मारले असते तरी ६८ जुळले असते : ०.२ गुणिले ०.२ म्हणजे ०.०४, आणि ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४, बेरीज ०.६८. योगायोगाच्या वर जुळायला जागा होती ३२ ची, तुम्ही जुळवले १२. भागाकार ०.३७५. याला कोहेनचा कप्पा म्हणतात. ८० टक्क्यांचा आनंद ०.३७५ वर आला की समजायचं, "खटकणारं" म्हणजे काय याची व्याख्या अजून कच्ची आहे. दोघांनी बसून व्याख्या घट्ट करायची आणि पुन्हा मोजायचं.

शेवटचं : गाव लहान आहे. वाडीतली सगळी माणसं एकमेकांना ओळखतात. प्रतिसाद देणाऱ्याची संमती घ्या, खेळाडूंची आणि मंडळांची नावं प्रबंधात घालू नका. तुमची पदवी झाली तरी त्यांना त्याच मैदानावर परत खेळायचं असतं.

परत त्या ओळीकडे

मी ती जुनी वही फेकली नाही. त्या नोंदी प्रेक्षकांबद्दल काही सांगत नसल्या तरी माझ्याबद्दल बरंच सांगतात. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात मी सरळ लिहिणार आहे, की मी कोणत्या संघाची फॅन आहे आणि त्यामुळे कुठे घसरले. मॅडम म्हणतात, संशोधकाने फॅन नसावं असं काही नाही. फक्त आपण कुठल्या स्टँडमध्ये बसलोय, हे त्याला माहीत असावं आणि त्याने ते सांगावं.

आता तुमचं काम. घरातलं, नाक्यावरचं, कॉलेजच्या कॅन्टीनमधलं खेळावरचं एक भांडण आठवा. ते एका वाक्यात लिहा. त्यातले तीन प्रश्न सुटे करा : नियमाचा, लोक काय मानतात याचा, आणि काय असावं याचा. दुसरा उचला. त्याला "कधी", "कोणाला" आणि "किती" यांतला एक शब्द लावा. मग स्वतःला विचारा, याचं उत्तर माझ्या मनाविरुद्ध आलं तर मी ते छापेन का? उत्तर "हो" असेल, तर सिनॉप्सिसची पहिली ओळ मिळाली.

आणि वहीत "टाळलं" लिहायच्या आधी दोनदा बघा. मी आता "आत गेला" एवढंच लिहिते.